काकाजी, जुन्या सिटी व्हीटेकच्या कामांचा क्रम लावून दिल्याबद्दल

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात ज्यांच्या शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी जुनी होंडा सिटी दीड लिटर व्हीटेक उभी आहे, त्या सगळ्यांच्या वतीने हे पत्र. जाहीर लिहितो आहोत, कारण तुम्ही जे शिकवलं ते आमच्यापुरतं ठेवणं बरोबर नाही. ही गाडी २००० साली आली आणि २००३ मध्ये नव्या आकाराची सिटी आल्यावर थांबली. १४९३ सीसी, १६ वॉल्व्ह, १०६ अश्वशक्ती. दारं चार असली तरी वरच्या फेऱ्यांत व्हीटेकचा, म्हणजे वॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅम लागला की ती स्पोर्ट्स कारच असते, आणि म्हणूनच अशी गाडी हाती आली की पोरं आधी कोन फिल्टर आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर शोधतात. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत प्रत्येकाला एकच सांगितलं: "आंधी पाणी, मंग बेल्ट, मंग ब्रेक. पावरचं नाव त्याच्यानंतर काढजा."

हा क्रम आमच्या भागासाठी किती नेमका आहे, हे इतरांना कळावं म्हणून तपशील लिहितो.

पाण्याचं काम पहिलं, कारण आपण खारपाण पट्ट्यात राहतो. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं. रेडिएटरमध्ये ते "थोडं टाकलं तर काय होते" म्हणत टाकलं की क्षार नळ्यांत आतून चिकटतात, आणि पाण्यातली क्लोराइडं ॲल्युमिनियमचं हेड, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं) हाउसिंग, वॉटर पंपाचं अंग खात राहतात. बाहेरून काही दिसत नाही. मग मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, एसी चालू आहे, समोर ऊसाची ट्रॉली आहे, आणि काटा चढतो. तुमची पद्धत अशी: जुनं कूलंट थंड इंजिनावर काढायचं, डिमिनरलाइज्ड पाण्याने बाहेर स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं, मग कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं भरायचं. बॅटरीच्या दुकानात मिळतं तेच पाणी. भरताना हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवायची आणि थर्मोस्टॅटजवळचा हवा काढायचा बोल्ट सैल करायचा. त्यातून बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळायचा. आत हवेचा गोळा राहिला तर काटा कधी वर, कधी खाली नाचतो आणि लोक विनाकारण हेड गॅस्केटच्या मागे लागतात.

थर्मोस्टॅट काढून फेकायची जी सवय गावोगावच्या मिस्त्रींना आहे, ती तुम्ही मोडलीत हे फार बरं झालं. या इंजिनाचा थर्मोस्टॅट ७८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तो नसला तर इंजिन कामाच्या तापमानाला वेळेवर येत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडतो, आणि थंड इंजिनावर व्हीटेकही लागत नाही. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो गरम पाण्याच्या भांड्यात टाकून उघडतो का ते बघायचं. रेडिएटरचं झाकण हे दुसरं दुर्लक्षित सामान. त्याची स्प्रिंग आणि रबर थकलं की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. झाकण स्वस्त आहे, थेट नवंच घ्यावं. वरचा-खालचा होज, हीटरचे होज आणि लहान बायपास होज हे सगळे एकदमच बदलावेत. बायपास होज इंजिनाच्या मागे दडलेला असतो, तोच हमखास राहून जातो आणि तोच फुटतो.

कापसाच्या दिवसांत रुई आणि सोयाबीनच्या मळणीत कुटार एसीच्या कंडेन्सरवर चिकटून बसतं. रेडिएटर त्याच्या मागे असतो, म्हणून समोरून पाहिलं तर थोडीच घाण दिसते, पण दोघांच्या मधल्या फटीत नमदा झालेला असतो. साध्या नळीने, कमी दाबाने, आतून बाहेर धुवायचं. गाडी धुण्याच्या मशीनचा फवारा मारला तर पाती आडव्या होतात.

आता बेल्ट. याच्यासाठी तर तुमचे आभार मानावे तितके थोडे आहेत. क्रँक आणि कॅम एका तालात फिरवणारा टायमिंग बेल्ट तुटला की या इंजिनात पिस्टन वॉल्व्हला धडकतो; मग काम बेल्टचं राहत नाही, हेडचं होतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर दिलेले असले तरी रबर वर्षांनीही म्हातारं होतं. गाडीचा इतिहास ठाऊक नसेल तर बेल्ट जुनाच धरून चालायचं. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्टला ताण देणारं चाक), वॉटर पंप, कॅम सील आणि क्रँक सील एकाच वेळी, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि सीलमधून झिरपलेलं तेल नवा बेल्ट खराब करतं.

करताना चुकतं कुठं, हेही तुम्ही समोर उभं राहून दाखवलंत. हे इंजिन पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. क्रँक पुलीचा बोल्ट सोडायला पान्याचा दांडा चेसिसला टेकवून स्टार्टर मारायची जी युक्ती दुसऱ्या गाड्यांवर चालते, ती इथे बोल्ट अजून घट्ट करते. पुली धरायचं हत्यार आणि लांब दांडा, नाहीतर चांगली एअर गन, एवढेच मार्ग. खुणा जुळवताना कॅमच्या चाकावरचं "अप" वर, बाजूच्या दोन रेघा हेडच्या पृष्ठभागाला समांतर, आणि क्रँकच्या दात्याची खूण ऑइल पंपावरच्या बाणासमोर. पुलीवरच्या लाल खुणा टायमिंग लाइटसाठी आहेत; त्यांच्यावर बेल्ट बसवला तर एक-दोन दात चुकतातच. बेल्ट चढल्यावर क्रँक हाताने घड्याळाच्या उलट दिशेने पाच-सहा फेऱ्या फिरवायचा, पुन्हा पहिला पिस्टन वर आणायचा, टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करायचा, क्रँक त्याच दिशेने कॅमच्या चाकाचे ३ दात सरकेल इतका फिरवायचा आणि टेन्शनर ४४ न्यूटन-मीटरवर आवळायचा. हे ३ दात सोडले तर ताण चुकीचा बसतो. घट्ट बेल्ट रडतो, सैल बेल्ट उडी मारतो.

बेल्टचं झाकण उघडलंच आहे तर वॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे वॉल्व्हवरची मोकळी फट, त्याच दिवशी, पण इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी. फीलर गेज किंचित अडखळत सरकली पाहिजे. टिकटिक आवाज नको म्हणून एक्झॉस्ट घट्ट ठेवणाऱ्यांना तुम्ही ठामपणे थांबवलंत. घट्ट वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. थोडा आवाज परवडतो. परत झाकण लावताना त्याचं गॅस्केट आणि प्लगच्या विहिरींची गोल सीलं नवी. तीच जुनी राहिली की विहिरीत तेल साचतं आणि गाडी मिस मारते, लोक मात्र कॉइल बदलत बसतात.

तेलाबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते आपल्याकडे सगळ्यांत जास्त उपयोगाचं आहे, कारण इथे प्रत्येक दुकानात ट्रॅक्टरचं १५-डब्ल्यू-४० आणि गिअरचं ९० नंबर तेल समोर ठेवलेलं असतं. व्हीटेक चालतं तेलाच्या दाबावर, आणि ते तेल बारीक वाटांतून, एका लहान जाळीतून जातं. इंजिनात १०-डब्ल्यू-३०, उन्हाळ्यात हवं तर १०-डब्ल्यू-४०. फिल्टरसकट साडेतीन लिटरच्या आतच बसतं, म्हणून चार लिटरचा डबा पूर्ण रिकामा करायचा नाही, डिपस्टिक बघायची. व्हीटेक लागेनासं झालं तर पहिल्यांदा तेलाची पातळी, मग व्हीटेकला तेल सोडणाऱ्या सोलेनॉइडच्या गॅस्केटमधली जाळी. ईसीयूवर संशय सगळ्यांत शेवटी.

गिअरबॉक्समध्ये होंडाचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं खास तेल, सुमारे १.८ लिटर. ९० नंबर टाकलं की सकाळी दुसरा गिअर पडत नाही आणि सिंक्रो झिजतात. एमटीएफ मिळेपर्यंत १०-डब्ल्यू-३० इंजिन ऑइलवर वेळ निभावते. आणि तुमचा नियम: काढायचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा बोल्ट उघडून पाहायचा. खालून तेल सांडून गेल्यावर वरचा बोल्ट गंजलेला निघाला तर गाडी तिथेच अडकते.

मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी स्टार्टर फिरवते पण उठत नाही, संध्याकाळी मात्र गुपचूप चालू होते, या दुखण्याने किती जणांनी पेट्रोल पंप बदलले असतील! या वयाच्या होंडांत डॅशखालच्या मेन रिलेच्या (पेट्रोल पंपाला वीज देणाऱ्या डबीच्या) सोल्डरला गोल चिरा पडतात आणि आतली उष्णता वाढली की जोड सुटतो. चावी फिरवल्यावर मागून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येते का, एवढंच तपासायचं. नाही आली तर रिले उघडून सोल्डर पुन्हा वितळवून घ्यायचं. गावातला टीव्ही दुरुस्त करणारा हे काम उत्तम करतो. गुणगुण येते आणि तरी ठिणगी नाही, तर डिस्ट्रिब्युटरमधलं इग्निशन मॉड्यूल पाहायचं, तेही उष्णतेलाच बळी पडतं.

ब्रेकच्या बाबतीत तुम्ही चिखलदऱ्याच्या घाटाचं उदाहरण देता, ते पटण्यासारखं आहे. परतवाड्याकडे उतरताना ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं: कोरडं डॉट-४ कमीत कमी २३० अंशांना उकळतं, पाणी शिरलेलं १५५ च्या आसपास. उकळलं की पॅडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदल, आणि घाटात खालचा गिअर. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायचं. चाकाचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगून पिन जाम होते आणि एकच पॅड झिजतं. पॅड ३ मिमीखाली आलं की नवं. मागचे ड्रम उघडून काळ्या मातीची भुकटी साफ करायची, पण फुंकर मारून नाही, ब्रेक क्लीनरने.

टायरवर दुकानदार नक्षी दाखवतो, तुम्ही तारीख दाखवली. बाजूवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. शेडमध्ये उभी राहणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, वाळतो. सहा वर्षांपुढे गेलेल्या टायरवर या गाडीला वरच्या फेऱ्यांत पळवू नये. हवा सकाळी थंडपणी तपासायची, चाकाचे नट १०८ न्यूटन-मीटर.

एवढं झालं की खरी सुधारणा. तीही तुम्ही थोडक्यात सांगितली आणि आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. चांगले टायर, चांगले पॅड, कंपनीच्या दर्जाचे शॉक ॲब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश, इंजिनाचे माउंट. बुश आणि माउंट बदलल्यावर गाडी जशी वळते आणि गिअर जसा पडतो, तसा फरक पैशाने विकत घेतलेल्या कोणत्याही पावरमध्ये नाही. हेडलाइटला रिलेची वेगळी वायरिंग आणि साधेच ६०/५५ वॅटचे बल्ब. जुन्या स्विचमधून व्होल्टेज पडतं म्हणून उजेड पिवळा असतो. इंजिन आणि बॉडीच्या अर्थिंगच्या पट्ट्या घासून साफ करायच्या. कोन फिल्टर मात्र नको. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि आपल्या पांदणीवरची काळी धूळ कागदी फिल्टरइतकी अडवत नाही. गाडी खाली बसवणंही नको. गावातले गतिरोधक आणि पावसाळ्यातल्या चाकोऱ्या आधी सम्प फोडतात.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. या गाडीचे रबरी होज त्यासाठी बनलेले नाहीत, म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतचे होज इथेनॉल चालणाऱ्या जातीचे, इंजेक्शनच्या दाबाच्या क्लिपांसकट बसवावेत. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरलेली ठेवावी, म्हणजे आत ओल धरायला जागा कमी उरते.

कागदपत्रांचंही तुम्ही आठवणीने सांगितलंत. १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्यासोबत तपासणी आणि पर्यावरण कर. मूळ रचनेत बदल केलेली गाडी तिथे अडते, हे सायलेन्सर बदलणाऱ्या प्रत्येकाने वाचून ठेवावं.

काकाजी, हे आकडे, ही हत्यारं, हा क्रम तुम्ही हातचं काही न राखता दिला. मजुरी विचारली तर "आधी गाडी चालवून पहा" म्हणालात, आणि सामानाची यादी करताना महागाचं कुठे घ्यायचं आणि कुठे नाही हे आपलं घरचं काम असल्यासारखं सांगितलंत. आमच्या शेडमधल्या गाड्या आज रस्त्यावर आहेत त्या तुमच्यामुळे. मनापासून आभार.

आपले,
दर्यापूर, मूर्तिजापूर आणि अंजनगाव सुर्जीचे जुन्या सिटीवाले

ता. क. तुम्ही म्हणालात तसं प्रत्येकाने टायमिंगच्या झाकणावर आतून बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर रंगाच्या पेनाने लिहिले आहेत. वॉटर पंपाचा रबरी ओ-रिंग कोरडा बसवायचा की कूलंट लावून, यावर दोघांचं एकमत होत नाही आहे. पुढच्या बाजारच्या दिवशी तुमच्याकडे पंप घेऊनच येतो.