सायकलवाल्या काकांना जाहीर आभारपत्र: ड्रॉप हँडल हाताला बसवून दिल्याबद्दल

आदरणीय काका,

स.न.वि.वि.

तळहाताला मुंग्या, मानेला रग आणि आखडलेले खांदे घेऊन आलेल्या माणसाला नवं हँडल, जेलचे हातमोजे आणि महागडी टेप विकणं अगदी सोपं आहे. माहीमच्या तुमच्या दुकानात मात्र प्रत्येक वेळी आधी सीट तपासली गेली. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून हे आभार. मुंबईत ड्रॉप हँडलच्या, म्हणजे टोकं खाली वळलेल्या हँडलच्या, सायकली वाढताहेत आणि पुष्कळ जण हात दुखतात म्हणून त्या विकून टाकतात. तुमची पद्धत त्यांच्याही कामी यावी म्हणून ती इथे मांडतो आहोत.

हँडलचं दुखणं बऱ्याचदा सीटमध्ये असतं, हे तुम्ही ओळंबा लावून दाखवता. सीटचं नाक दोन-तीन अंश जरी खाली झुकलं असेल तर माणूस पुढे घसरत राहतो आणि ते घसरणं तळहात थोपवतात. हँडल लांब वाटतं म्हणून लोक सीट पुढे सरकवतात. तुम्ही ते कधीच करू देत नाही. बैठक पुढे गेली की धडाचा तोलही पुढे जातो आणि हातांवरचा भार उलट वाढतो. सीटची जागा पेडलवरून ठरवायची: क्रँक (पेडलचा दांडा) आडवा धरून गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसाजवळ यावा. ही फक्त सुरुवात, हे तुमचं म्हणणं आम्हालाही पटतं. खरी परीक्षा पुढची. सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) चढवून, पेडल मारता मारता हात हूडवरून (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवरून) जरासे उचलायचे. धड पुढे कोसळत असेल तर हँडलला अजून हात लावायचा नाही.

मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात, हा तुमचा दुसरा प्रश्न. करंगळी आणि अनामिकेला येत असतील तर तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला जाणारी नस हूडवर दाबली जाते आहे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला येत असतील तर मनगट वाकतं आहे. पहिल्यात हातांवरचा भार कमी करायचा, दुसऱ्यात हूडचा कोन बदलायचा. दोन्हींवर एकच जाड टेप गुंडाळून भागत नाही.

मग स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा आखूड दांडा. नवा भाग विकत घेण्याआधी आहे तोच स्टेम उलटा करून पाहायचा, हा तुमचा सल्ला पुष्कळांचे पैसे वाचवून गेला. साधारण 6 अंशांचा, 100 मिमीचा स्टेम उलटा बसवला की हँडल सुमारे 20 मिमी वर येतं आणि 6 मिमीच्या आसपास जवळही येतं. स्टेमखाली 10 मिमीचा स्पेसर (कडं) घातला तर ते जवळजवळ 10 मिमी वर आणि साधारण 3 मिमी मागे येतं, कारण स्टिअररची, म्हणजे स्टेम जिच्यावर बसतो ती, नळी तिरकी असते. हे गणित माहीत असलं की अंदाजाने सुटे भाग आणावे लागत नाहीत. एवढं करूनही अंतर जास्त वाटलं तरच 10 मिमी आखूड स्टेम. कार्बन स्टिअरर असेल तर स्पेसरची कमाल उंची कंपनीने दिलेली असते, ती ओलांडायची नाही.

रुंदीकडे बहुतेक दुकानांत कुणी पाहतच नाही. खांद्यांच्या दोन हाडांमधलं अंतर पट्टीने मोजायचं आणि हँडल साधारण तेवढंच घ्यायचं. ज्यांचे खांदे 37-38 सेंमीचे आहेत, त्यांना 42 चं हँडल देऊन मान दुखवणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे, आणि त्याचा फटका बायकांना सगळ्यात जास्त बसतो. त्यातही एखादी कंपनी नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजते, दुसरी बाहेरून बाहेर. फरक दोन सेंमीहून थोडा जास्त पडतो.

हूड बसवताना तुम्ही जो वेळ देता, त्याचं मोल आम्हाला सगळ्यात जास्त वाटतं. हँडलच्या वरच्या भागावरून हूडवर जाताना तळव्याला खड्डा लागू नये, मनगट सरळ राहावं, आणि दोन्ही लिव्हर एका उंचीवर असावेत. हूड वर हवेत म्हणून अख्खं हँडल फिरवलं तर खालची टोकं जमिनीकडे झुकतात आणि खाली धरताना मनगट मुरगळतं. नुसता लिव्हर वर सरकवला तर खालून ब्रेकपर्यंत बोटं पोहोचत नाहीत. म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि दर वेळी वर-खाली दोन्हीकडून ब्रेक दाबून पाहणं. बोटं आखूड असतील तर लिव्हर जवळ आणणारा बारीक स्क्रू बऱ्याच लिव्हरमध्ये असतो. तो फिरवल्यावर ब्रेकची केबल पुन्हा जुळवावी लागते, हे सांगायला तुम्ही विसरत नाही.

बोल्ट आवळताना वरच्या टोपीचा बोल्ट फक्त हेडसेटचा (स्टिअररच्या बेअरिंगचा) खुळखुळा काढण्यापुरता. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवायची, ढिलेपणा गेला की थांबायचं, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट आळीपाळीने. पुढच्या झाकणाचे चार बोल्ट तिरक्या क्रमाने आणि चारी बाजूंची फट सारखी. टॉर्क पान्यावर स्टेमवर छापलेला आकडा, बहुतेकदा 5 न्यूटन-मीटर. जोर लावून आवळल्याने कार्बनच्या हँडलला तडे जातात. तिथे ग्रीस नाही, कार्बनची खास पेस्ट.

टेप खालच्या टोकापासून वर, एक तृतीयांश ते निम्मा थर एकमेकांवर, लिव्हरपाशी ताण न सोडता. खालच्या भागात बाहेरच्या बाजूने गुंडाळायची आणि वर मागच्या बाजूला, म्हणजे हाताच्या ओढीने ती घट्ट होत जाते. टोकाची बुचं न लावता सायकल तुम्ही दुकानाबाहेर जाऊ देत नाही, आणि तेच बरोबर आहे. पडल्यावर उघडी नळी पोटात घुसू शकते.

मुंबईचा घाम आणि खारी हवा मात्र परदेशी पुस्तिकांत नसते. टेपखाली झिरपलेला घाम ॲल्युमिनियम खातो आणि पांढरी भुकटी जमते. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, टेप पूर्ण उतरवून नळी पुसायची. खड्डे पडलेले दिसले की हँडल बदलायचं, भीड ठेवायची नाही. ब्रेकच्या केबलचं आवरणही त्याच वेळी पाहायचं.

आणि टायर. पेव्हर ब्लॉक, उड्डाणपुलांचे सांधे आणि खणून बुजवलेले रस्ते यांचा मार हँडलमधून हातात येतो. 28 मिमीच्या टायरात 100 पीएसआय दाबाची हवा भरायचा हट्ट तुम्ही अनेकांचा मोडलात. वजन 70 किलोच्या आसपास असेल तर 70-75 पुरतात.

हे सगळं करताना तुम्ही एका वेळी एकच बदल करता, तोही पाच-पाच मिमीने, आधीच्या जागेवर इन्सुलेशन टेपची खूण ठेवून. आठवडाभर चालवून पुन्हा या, असं सांगता आणि दुसऱ्या खेपेचे पैसे घेत नाही. काका, ते पैसे घेत जा. तुमचा वेळ त्या लायकीचा आहे, आणि दिवाळीनंतर आमच्या सगळ्यांच्या टेपा एकदम उतरवायच्या आहेत.

आपले कृतज्ञ,
माहीम ते मरीन ड्राइव्ह पहाटे सायकल चालवणारे आम्ही सगळे