समता आली की स्वातंत्र्य जातं?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की समता आणायची तर स्वातंत्र्याला कात्री लागणारच, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय, जरा लांबेल, सावकाश वाच.

तुझ्या बाजूचं सगळ्यात तगडं आर्ग्युमेंट रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाचं, १९७४ सालचं. समज सगळ्यांकडे सारखे पैसे आहेत. लोक आपल्या खुशीने विल्ट चेंबरलेन या स्टार खेळाडूचा बास्केटबॉल बघायला येतात, तिकिटामागे २५ सेंट त्याला देतात, सीझनमध्ये १० लाख लोक आले की त्याच्याकडे अडीच लाख डॉलर. जबरदस्ती कुणीच केली नाही तरी समता गेली, आणि ती परत आणायची तर सरकारला सारखा लोकांच्या व्यवहारात हात घालावा लागणार. हे मी हलक्यात घेत नाही. पण पुढची पिढी बघ ना, त्या पैशाच्या जोरावर ज्याला चांगली शाळा, ओळखी, वकील सगळं मिळतं त्याने स्वतः एकही बॉल बास्केटमध्ये टाकलेला नसतो, आणि त्याच्यासमोर रिकाम्या हाताने उभा असलेला माणूस जो करार सही करतो त्याला खुशीचा म्हणायचं का?

मला मात्र खरं उत्तर जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताकडे सापडतं. १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' लिहिणारा हा माणूस, व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मोठा वकील, तोच १८६७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उभा राहून म्हणतो की मताधिकाराच्या कायद्यात 'पुरुष' काढा आणि 'व्यक्ती' घाला. बाजूने ७३ मतं पडली, विरोधात १९६, दुरुस्ती पडली. तेव्हा इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची मजुरीसुद्धा कायद्याने नवऱ्याची, ते १८७० नंतर बदलायला लागलं. आता सांग, तो हक्क काढून घेतला तेव्हा नवऱ्याचं स्वातंत्र्य कमी झालं का? झालं, असं म्हणता येईल, पण त्याच्याकडचं जे गेलं ती दुसऱ्या माणसावरची सत्ता होती रे! आणि बाईला जे मिळालं ते स्वातंत्र्यच होतं. म्हणून समतेची मागणी आली की मी आधी विचारतो, इथे कोणाची कोणावर सत्ता चाललीय?

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाबद्दलही लोक उलटंच समजतात. त्याच्या १९७१ च्या न्यायाच्या थिअरीत पहिला नंबर मूलभूत स्वातंत्र्यांचाच, जास्त पैसे मिळतात म्हणून बोलण्याचं किंवा मताचं स्वातंत्र्य विकता येत नाही. विषमता त्याला चालते, फक्त सगळ्यात खाली असलेल्याचा त्यात फायदा हवा आणि वरच्या जागा खरोखर सगळ्यांना खुल्या हव्यात. शिवाय तो म्हणतो की राजकीय हक्कांची किंमत श्रीमंत-गरिबाला साधारण सारखी राहिली पाहिजे, म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचीच निवडणूक असं होता कामा नये. हा मुद्दा मला तर फारच महत्त्वाचा वाटतो, कारण मत एकेक असून उपयोग काय जर ऐकून फक्त देणगीदाराचंच घेतलं जात असेल.

तुझी भीती एका ठिकाणी बरोबर आहे. सगळं सारखं करायला निघालेलं सरकार स्वतःच सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. म्हणून कोर्ट, मोकळी वर्तमानपत्रं, सरकार पाडता येणं हे सोडून मिळणारी समता मलाही नको.

वारसाहक्कावरच्या टॅक्सचं मात्र नीट कळत नाही, माझा कल तो असावा असाच आहे, पण आईबापाने पोरांसाठी ठेवलेलं घर आणि अख्खी कंपनी यांना एकच माप लावावं का? तुझं मत लिही, नोझिकच्या बाजूने असलं तरी सगळं लिही.

तुझाच