सातबारा नसलेली बेडफोर्ड

तीर्थस्वरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कोणाच्या गोठ्यात शिरून बसतो बे?" आणि मी सांगणार तेवढ्यात तुमच्याकडची लाइन गेली, लाइनीबरोबर टॉवरही गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहिलं की तुम्ही वाचत नाही, म्हणून कागदच घेतला. चष्मा सापडला नाही तर दादाकडून वाचून घ्या.

गोठा नाही, पत्र्याचं शेड आहे. इथं इंग्लंडात मी भाड्यानं राहतो त्या घरच्या आजींचं. त्यांचे यजमान वारले आणि शेडात एक आगीचा बंब सोडून गेले. बंब म्हणजे बेडफोर्ड! आपले आजोबा जिनिंगची लॉरी चालवायचे, सरकीचा वास अंगाला घेऊन घरी यायचे आणि "बेडफोर्डचं इंजिन आवाजानं सांगते काय दुखते ते" म्हणायचे, तीच ही कंपनी. शेडाचं दार उघडून समोर ते नाव वाचलं तेव्हा मी जरा वेळ नुसता उभाच राहिलो.

इथं या बंबांना 'ग्रीन गॉडेस' म्हणतात. हिरवी देवी. (आई, लगेच हात जोडू नको.) 1953 ते 1956 मध्ये इंग्लंडच्या गृहखात्यानं नागरी संरक्षणासाठी असे बंब मोठ्या संख्येनं बांधून घेतले. भीती अणुबॉम्बची. बॉम्ब पडला तर शहरातले पाण्याचे नळ फुटणार, मग नदी-कालव्यातून पाणी खेचून, एका बंबातून दुसऱ्यात असं करत मैलोन्‌मैल पुढं न्यायचं. म्हणून टाकीपेक्षा पंपच जबरदस्त. मिनिटाला चार हजार लिटरच्या आसपास पाणी फेकतो. आपल्या विहिरीवर लावला तर अर्ध्या तासात तळ दिसेल, आणि पेट्रोल इतकं खातो की वावर विकावं लागेल. बॉडीचा सांगाडा लाकडी आहे. आपल्याकडची पहिली एस.टी. 1948 साली पुण्याहून नगरला गेली, तीही लाकडी बॉडीची बेडफोर्डच होती.

तर आजींना हा बंब विकायचा आहे, घेणारा तयार आहे, पण त्यानं विचारलं, "ही गाडी तुमचीच, कशावरून?" तिथून माझे रविवार सुरू झाले.

आधी नंबर पाहिला. शेवटची अक्षरं जी-डब्ल्यू, म्हणजे लंडन. एम.एच. 29 म्हटलं की यवतमाळ, तसंच. मला वाटलं, गाडी लंडनची. मग कळलं की गृहखात्यानं हे बंब लंडनलाच नोंदवले होते, ते पुढं देशात कुठंही गेले तरी. म्हणजे नंबरावरून काहीच कळत नाही. पुढं चॅसिस नंबर. तो लॉगबुकातल्या, म्हणजे इथल्या आर.सी. बुकातल्या, नंबराशी जुळेना. आजी घाबरल्या. मी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन तासभर पट्टी घासली तेव्हा रंगाच्या थराखालून 3 चा 8 निघाला. आजींनी त्या दिवशी मला दुसऱ्यांदा चहा दिला, आणि इथल्या मानानं ही मोठी गोष्ट आहे.

मजा पुढं आहे. ज्या स्वयंसेवी अग्निशमन दलासाठी हे बंब होते ते 1968 मध्ये बंद झालं. बंब सरकारी गोदामात झाकून ठेवले. 14 नोव्हेंबर 1977 ला देशभरच्या अग्निशमन जवानांनी पगारासाठी संप केला, जानेवारी 1978 पर्यंत चालला, आणि लष्कराच्या जवानांनी हे बंब बाहेर काढून आगी विझवल्या. आमच्या बंबाच्या मागच्या सीटची फळी उचलली तर खाली घडी घातलेला एक कागद. डिसेंबर 1977 च्या तारखा, पेन्सिलीत. दोन धुराडी, एक गवताची गंजी, आणि एका ओळीत फक्त 'खोटा फोन'. सही कोणा सैनिकाची असावी, लागत नाही. बाबा, बंब बांधला जगबुडीसाठी आणि विझवली कोणाची तरी गंजी! तुम्ही होमगार्डात होता तेव्हा युद्धाची कवायत करून गणपतीच्या बंदोबस्तालाच जायचे ना, तसंच झालं हे. नागपूरचं नागरी संरक्षण महाविद्यालयही 1957 मध्ये, याच काळात निघालं होतं. पुढच्या वेळी सिव्हिल लाइन्सकडं गेलात तर बाहेरून तरी पाहून या.

2002 च्या संपात ते पुन्हा निघाले आणि त्यानंतर सरकारनं विकून टाकले. इथून पुढं कागद आटले. लॉगबुकावर नाव तिसऱ्याच माणसाचं. आणि त्याच लॉगबुकावर छापलेलं आहे की हा कागद मालकीचा पुरावा नाही. नाव आहे ते गाडी 'सांभाळणाऱ्याचं', मालक वेगळा असू शकतो. मी आजींना म्हटलं, आमच्याकडंही असाच एक कागद असतो, सातबारा म्हणतात. त्यांना काही कळलं नाही, पण हसल्या.

वाहन खात्याकडं माहिती मागता येते, योग्य कारण लिहून द्यावं लागतं. फॉर्म भरला. पण काम झालं ते गावातल्या दारूच्या गुत्त्यात, जिथं इथली म्हातारी माणसं आपल्या टपरीसारखी बसतात. एकानं सांगितलं, लॉगबुकावरचा तो माणूस दोन गावं सोडून वृद्धाश्रमात आहे. आजींना घेऊन गेलो. त्याला आजी आठवेनात, बंब लगेच आठवला. अर्धे पैसे रोख आणि अर्ध्यापोटी एक गवताची ट्रॉली, असा त्याचा आजींच्या यजमानांशी तोंडी सौदा झाला होता. त्यानं थरथरत्या हातानं चार ओळी लिहून दिल्या, नर्सनं साक्षीदार म्हणून सही केली. ट्रॉली चांगली निघाली नाही, हेही त्यानं त्यात लिहिलं.

तर बाबा, रागावू नका. तुमची आणि काकांची वाटणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाभळीखाली तोंडीच झाली होती ना? सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. वारस नोंद आणि फेरफाराचं मी दिवाळीला आल्यावर तलाठ्याकडं बघतो. तोवर एवढंच करा, त्या दिवशी पंच कोण कोण बसले होते आणि त्यांतले कोण आहेत, ते दादाकडून वहीत लिहून घ्या. आणि काकांना चहाला बोलावून त्यांच्याकडूनही तीच नावं विचारा.

आई, लोणच्याची बरणी पोचली, झाकण शाबूत होतं.

तुमचा,
प्रमोद