टॉवरमध्ये गॅलरीलाही जागा हवी

मुंबईत वरळीच्या जुन्या बीडीडी चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत; त्यांतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांचे स्वमालकीचे घर, शिवाय शौचालय घरातच. चाळीचे गोडवे बहुधा तिथे न राहिलेलेच गातात! तरीही एक गोष्ट पुढच्या इमारतींच्या आराखड्यात उतरायला हवी. चाळीची गॅलरी म्हणजे नुसती ये-जा करायची वाट नव्हती. खोलीत जागा नाही म्हणून पोरे तिथल्याच दिव्याखाली दहावीचा अभ्यास करत. एकट्या आजींचे दार सकाळी उघडले नाही, तर शेजारी कडी वाजवत. लिफ्टसमोरच्या बंदिस्त पॅसेजमध्ये हे कसे घडणार? दर चार-पाच मजल्यांमागे उजेड-वारा येणारी एक मोकळी जागा, दोन बाक आणि रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका द्यावी. तळाशी बाग असली, तरी पस्तिसाव्या मजल्यावरच्या आजी रोज खाली उतरणार नाहीत. आणि या जागेत उद्या सोसायटीची अडगळ भरू नये, म्हणून मंजूर नकाशातच तिचा वापर नोंदवून ठेवावा.

– एक वाचक, परळ