अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमच्या खानापूर तालुक्यातल्या मामांचा नवा स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, तीन आठवड्यांत गुठळीने बंद झाला, तेव्हा आधीच्या दवाखान्यात एकच ऐकायला मिळालं, 'गोळ्या चुकवल्या असणार.' रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली, कुणी हात लावला नाही. तुम्ही ती एकेक करून मोजलीत. हिशेब बरोबर निघाला, मगच जनुकाची तपासणी सांगितलीत.

गुठळी होऊ नये म्हणून दिलेली क्लोपिडोग्रेल ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाची करतं. मामांना आई आणि वडील दोघांकडूनही त्याच्या जनुकाची निकामी प्रत, स्टार-टू, आलेली. रोज ७५ मिलिग्रॅम वेळेवर घेऊनही प्लेटलेट, म्हणजे गुठळी करणाऱ्या रक्तपेशी, स्टेंटला चिकटतच होत्या. अशा रुग्णांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१० मध्येच या औषधावर चौकटीतला इशारा छापायला लावला, आणि भारतीयांत ही प्रत काही दुर्मीळ नाही. त्यात ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू. तेही याच एन्झाइमला अडवतं. तुम्ही पँटोप्राझोल दिलंत. पूर्वी लकवा मारून गेलेला, म्हणून प्रासुग्रेल ही पर्यायी गोळी टाळलीत आणि क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलोर ९० सकाळ-संध्याकाळ सुरू केलंत, सोबत एस्पिरिन ७५.

पण डोळ्यांत पाणी आलं ते पुढच्या पाच मिनिटांनी. अहवाल उलटा करून तुम्ही पेनाने ठळक मराठीत लिहिलंत: 'क्लोपिडोग्रेल यांना लागू पडत नाही. ही गोळी मला विचारल्याशिवाय बंद करू नये. धाप लागली तर आधी फोन करा.' खाली सूनबाईंसाठी तेच कन्नडमध्ये. मग मामांकडून मोठ्याने वाचून घेतलंत. टिकाग्रेलोरने पुष्कळांना धाप लागते, माणूस घाबरून गोळी सोडतो, आणि नव्या स्टेंटला त्याहून मोठा धोका नाही. ते तिसरं वाक्य लाखमोलाचं आहे, मॅडम. सीमाभागात भाषेवरून खिडकीपाशी ताटकळत ठेवणारे कमी नाहीत. तुम्ही फक्त विचारलंत, 'मामा, वाचायला कुठली सोपी?'

तो कागद आता प्लॅस्टिकच्या पिशवीत, शेताच्या उताऱ्याशेजारी असतो. परवा दातांच्या दवाखान्यात दात काढायच्या आधी पाच दिवस गोळी थांबवायला सांगितलं, तेव्हा मामांनी तोच पुढे केला. तुम्हाला फोन झाला. गोळी चालूच राहिली, दात निघाला, रक्त कापसाचा बोळा दाबून थांबलं.

आपला ऋणी,
मामांना औषधं देणारा फार्मासिस्ट