वर्गातील व्यत्यय आणि वर्तणुकीची नोंद : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. माध्यमिक शाळेतील एक वर्गशिक्षिका म्हणून मी हे पत्र लिहीत आहे. तास चालू असताना वारंवार व्यत्यय आणणाऱ्या विद्यार्थ्याच्या वागण्याची लेखी नोंद कशी ठेवावी, ती कोणी पाहावी आणि किती काळ जपावी, हे आज प्रत्येक शाळा आपापल्या सोयीने ठरवते. कुठे ती वर्गशिक्षकाच्या खासगी वहीत असते, कुठे मुख्याध्यापकांच्या कपाटातील रजिस्टरमध्ये, तर कुठे मुलाच्या दैनंदिनीतील लाल शेऱ्यात. या नोंदीसाठी एका पानाचा नमुना आणि तिच्या वापराचे नियम शासन निर्णयाद्वारे निश्चित करावेत, एवढीच माझी विनंती आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली, तर कलम १६नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. ही दोन्ही कलमे योग्यच आहेत आणि त्यांना कोणतीही पळवाट नसावी. छडी गेल्यावर शिक्षकाच्या हातात उरली ती नोंद. मात्र ती लिहायची कशी, हे त्याला कोणी नीट शिकवले नाही. पाठटाचण कसे काढावे, यावर आमच्या प्रशिक्षणात जेवढा वेळ जातो, त्याच्या अंशानेही वेळ मुलाच्या वागण्याबद्दल चार नेमकी वाक्ये कशी लिहावीत यासाठी दिला जात नाही.

परिणामी नोंदवह्यांत जे सापडते ते असे : ‘उद्धट आहे’, ‘वर्गात गोंधळ घालतो’, ‘सतत बडबड’, ‘अभ्यासात लक्ष नाही’. या शेऱ्यांतून लिहिणाऱ्याची चीड कळते, पण घडले काय ते कळत नाही. महिन्याभराने पालक समोर बसले की अशा शेऱ्यातून बोलण्यासारखे काहीच हाती लागत नाही, आणि ‘आमचा मुलगा घरी असा वागत नाही’ या वाक्यावर भेट संपते. याउलट ‘तिसऱ्या तासाला प्रकट वाचनाची पाळी जवळ आल्यावर शेजाऱ्याची वही जमिनीवर टाकली, दोनदा सांगूनही जागेवर बसला नाही, वाचन पुढच्या बाकाकडे गेल्यावर बसला’ अशी नोंद असेल, तर तिच्यावर शिक्षक, पालक आणि खुद्द मूल या तिघांनाही बोलता येते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील, म्हणजे मुलाची प्रगती वर्षभर टिपण्याच्या पद्धतीतील, वर्णनात्मक नोंदींचे काय झाले, हे आपल्या विभागाला ठाऊकच असेल. २०१० पासून या नोंदी आल्या आणि लवकरच तयार वाक्यांच्या याद्या शिक्षकांच्या मोबाइलवर फिरू लागल्या. नवा नमुना तयार करताना ‘योग्य पर्यायावर खूण करा’ असा रकाना त्यात कृपया ठेवू नये, नाहीतर तेच पुन्हा घडेल.

वागण्याच्या आधी काय घडले, नेमके काय केले आणि त्यानंतर काय झाले, या तीन भागांत नोंद करण्याची पद्धत नवी नाही. मानसशास्त्रज्ञ सिडनी बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८मध्ये ती मांडली आणि वर्तनाच्या अभ्यासात ती आजही वापरली जाते. तिचा खरा फायदा एका नोंदीत दिसत नाही, अनेक नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसतो. व्यत्यय फक्त वाचनाच्या वेळी येतो, की मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, की एका विशिष्ट मुलाशेजारी बसवल्यावर, हे लक्षात आले की उपायही बदलतो. वाचनाच्या वेळी दंगा करणाऱ्या मुलाला कदाचित वाचताच येत नसते, आणि चारचौघांत ते उघडे पडण्यापेक्षा शिक्षा पत्करणे त्याला सोपे वाटते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचणीला) दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ने मान्यता दिली आहे, तरी ‘बेशिस्त’ या शेऱ्याखाली ती वर्षानुवर्षे दडून राहू शकते. फळ्यावरचे न दिसणारी आणि कमी ऐकू येणारी मुलेही याच शेऱ्याखाली जातात.

नमुन्यात आणखी दोन गोष्टी असाव्यात. पहिली म्हणजे त्या प्रसंगी शिक्षकाने स्वतः काय केले याची नोंद. काही सहकाऱ्यांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण उद्या तक्रार झाली तर ‘प्रथम जवळ जाऊन हळू आवाजात सांगितले, मग जागा बदलली’ ही त्याच दिवशी लिहिलेली ओळच शिक्षकाचे रक्षण करील. दुसरी गोष्ट म्हणजे मुलाचे स्वतःचे म्हणणे, शक्यतो त्याच्याच शब्दांत. प्रसंगात गुंतलेल्या इतर मुलांची नावे मात्र पालकांना दाखवायच्या प्रतीत नसावीत.

नोंदीच्या आयुष्याचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ३मध्ये दोन तत्त्वे आहेत : मुलाबद्दल आरोप करणारी किंवा कलंक लावणारी भाषा वापरू नये, आणि मुलाला नव्याने सुरुवात करण्याची संधी मिळावी म्हणून विशेष परिस्थिती वगळता त्याच्या जुन्या नोंदी पुसून टाकाव्यात. म्हणजे कायद्याशी संघर्ष आलेल्या बालकाला जे संरक्षण आहे, ते शेवटच्या बाकावर बसून आवाज काढणाऱ्या मुलाला नाही. त्याची सातवीतील वही नववीच्या शिक्षकाच्या हाती जाते आणि तो मुलाला भेटण्याआधी त्याची ख्याती वाचतो. आठवीनंतर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६चे संरक्षणही राहत नाही, आणि दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून नववीतच ‘दाखला घेऊन जा’ असे सुचवले जाते, हे शिक्षणक्षेत्रात कोणाला नवीन नाही. अशा वेळी जुने शेरे पुरावा म्हणून बाहेर काढले जातात. म्हणून शैक्षणिक वर्ष संपताच या नोंदी नष्ट कराव्यात. ज्या मुलाला पुढेही मदतीची गरज आहे, त्याच्यापुरता काय उपयोगी पडले याचा सारांश, तोही पालकांना दाखवून, पुढच्या वर्गशिक्षकाकडे जावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील ‘वर्तणूक’ या रकान्याचाही याच निमित्ताने विचार व्हावा. बहुतेकांच्या बाबतीत तिथे ‘चांगली’ असेच लिहिले जाते, त्यामुळे ज्याच्या दाखल्यावर ते नसते त्याच्यासाठी तो रकाना शिक्षाच ठरतो.

मुलाच्या वागण्याचा प्रसंग पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणे स्पष्ट शब्दांत बंद करावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. शिक्षणसंस्थांना नियमांत काही सूट असली, तरी ती शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे, चाळीस घरांत चर्चा व्हावी म्हणून नाही.

यावर ‘आणखी एक कागद’ अशी तक्रार होईल आणि तिच्यात तथ्य आहे. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने एका शिक्षकामागे ३५ विद्यार्थी सांगितले आहेत. वर्ग त्याहून मोठा असेल तर रोज नोंदी लिहिणे अशक्य होते, आणि सगळे लिहीत बसणारा शिक्षक शिकवणार तरी कधी? म्हणून एखादी कुजबुज, विसरलेली वही, खिडकीबाहेर लागलेली नजर यांची नोंद नसावी. तास थांबवावा लागला, किंवा तोच प्रकार पुन्हा पुन्हा घडू लागला, तरच वही उघडावी. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तिथे मात्र या वहीचा काहीही संबंध नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि ‘आम्ही नोंद केली होती’ हा त्याला पर्याय नव्हे.

हा नमुना मंत्रालयात बसून ठरवू नये, अशी शेवटची विनंती आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्याचा कच्चा मसुदा करावा, केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांमध्ये (जवळपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकांत) शिक्षकांकडून खऱ्या प्रसंगांवर तो भरून घ्यावा, शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांना तो वाचायला द्यावा, आणि ज्या रकान्यात बहुतेकांनी एकच शब्द लिहिला असेल तो रकाना काढून टाकावा. हे काम उन्हाळी सुट्टीपूर्वी झाले, तर जूनमध्ये नव्या वर्गासोबत नवी वही सुरू करता येईल.

आपली विश्वासू,
एक वर्गशिक्षिका