सॉफ्टबॉलचा फटका पायांपासून शिकवणाऱ्या प्रशिक्षक ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपली बदली झाल्याचे मुलीकडून कळले. आभार मानायचे राहून जाऊ नयेत म्हणून हे पत्र लिहायला घेतले. ते अनावृत ठेवण्याचे कारण असे, की आपण माझ्या मुलीला सॉफ्टबॉलची बॅटिंग कशी शिकवली हे जळगावातल्या आणि बाहेरच्या इतर पालकांनी, तसेच क्रीडाशिक्षकांनी वाचावे असे मला मनापासून वाटते. मैदानाच्या कडेला बसून जे पाहिले ते माझ्या समजुतीप्रमाणे मांडते आहे. तांत्रिक बाबतीत कुठे उणे-अधिक झाले तर आपण सांभाळून घ्यालच.

मुलगी आपल्याकडे आली ती गल्लीतले टेनिस बॉलचे क्रिकेट खेळून. आपल्या भागातल्या बऱ्याच मुली सॉफ्टबॉलकडे अशाच वळतात: शाळेला जिल्हा स्पर्धेसाठी संघ पाठवायचा असतो, नऊ जणी भरत नसतात आणि जिला बॅट धरता येते तिला संघात घेतले जाते. पण क्रिकेटची बॅट सपाट आणि सव्वाचार इंच रुंद, तर सॉफ्टबॉलची बॅट गोल आणि जाडीला फार तर सव्वादोन इंच. तिथे चेंडू टप्पा खाऊन येतो. इथे तो टप्पा न पडता काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात थेट येतो. त्यामुळे तिचे होत असे ते असे, की पुढचा पाय लांब टाकायचा, बॅट खालून ओढत आणायची आणि चेंडू एक तर सरळ वर उडवायचा, नाही तर पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, हातात द्यायचा. आपल्याकडे येण्यापूर्वी तिला अनेकांनी ‘आधी क्रिकेट विसर’ असा सल्ला दिला होता. आपण तसे काहीच म्हटले नाही. पहिल्या संध्याकाळी नुसते पाहिले आणि नंतर तिच्या खेळातले काय ठेवायचे व काय बदलायचे याची निवड केली. डोके न हलवता चेंडू शेवटपर्यंत पाहण्याची सवय ठेवायची. हाताची पकड, बॅटचा मार्ग आणि पुढच्या पायाची लांब ढांग बदलायची. जे येते त्याचा मान राखून शिकवणे मी फार कमी ठिकाणी पाहिले आहे, म्हणून पहिले आभार याचे.

मग आपण बॅट बदलली. शाळेची बॅट तेरा वर्षांच्या मुलीसाठी लांब आणि जड होती, हे आम्हां कोणाच्या लक्षात आले नव्हते. आपण तिला ती एका हाताने, कोपर न वाकवता, समोर आडवी धरायला लावली. थोड्याच वेळात टोक थरथरत खाली आले आणि आणखी काही सांगण्याची गरज उरली नाही. हलकी, आखूड बॅट आल्यावर तिचा निम्मा संकोच गेला. पकडीबाबतही आपले सांगणे नेमके होते: बॅट तळव्यात न रुतवता बोटांत धरायची आणि दार ठोठावताना जी पेरे आपटतात ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आणायची. तळव्यात घट्ट आवळलेल्या बॅटने मनगटे अडकतात, हे मी घरी लाटणे धरून स्वतः करून पाहिले.

खरे काम पुढेच होते. फटका हातांनी मारला जातो अशी आमची सर्वांची समजूत. आपण मात्र कितीतरी दिवस तिच्या हातांबद्दल अवाक्षर काढले नाही. जमिनीवर फक्कीने दोन रेघा मारल्या, एक मागच्या पायासाठी आणि एक पुढचा पाय जिथे पडला पाहिजे तिथे, आणि त्या दोहोंत अंतर इतके थोडे ठेवले की मुलगी म्हणाली, ‘यात काय जोर येणार?’ पिचरचा हात फिरू लागला की भार मागच्या पायावर घ्यायचा, पुढचा पाय अलगद आणि चवड्यावर टेकवायचा, त्या क्षणी हात अजून मागेच राहिले पाहिजेत, मग टाच जमिनीला लागताच कंबर आधी वळते, तिच्या पाठोपाठ छाती, खांदे आणि सर्वांत शेवटी हात, हा क्रम आपण तिच्या अंगात उतरवला. ओले कापड पिळताना एक टोक धरून ठेवून दुसरे फिरवले की मधला पीळ जसा ताठ होतो, तसा ताण कंबर पुढे गेलेली आणि खांदे अजून मागे राहिलेले असताना पोटाच्या स्नायूंत येतो आणि तो सुटला की बॅटला वेग मिळतो, हे आपले स्पष्टीकरण तिला एका दमात पटले. पुढचा पाय टेकल्यावर ताठ का हवा, हेही त्यातच आले: तो गुडघ्यात ढिला पडला तर वळण्यासाठी आधारच उरत नाही आणि सारा जोर पुढे सांडून जातो.

मागच्या पायाबद्दल आपण घेतलेली भूमिका मला विशेष वाटली. मागचा पाय जागच्या जागी, किडा चुरडल्यासारखा फिरवायचा, असे पुष्कळ ठिकाणी शिकवतात. आपले म्हणणे असे, की तसे मुद्दाम केल्याने भार मागेच अडकतो. कंबर नीट वळली तर टाच आपोआप उचलली जाते आणि बुटाची नाडी पिचरकडे होते, ती वेगळी शिकवावी लागत नाही. ‘कोपर वर, कोपर वर!’ या कुंपणाबाहेरून येणाऱ्या आरोळीचाही निकाल आपण असाच लावला. ज्या मुलीच्या खांद्यांत अजून पुरेशी ताकद नाही तिने मागचे कोपर उंच ताणले, तर ते आधी खाली पडते आणि मगच पुढे येते. तोवर चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेलेला असतो.

त्यानंतर हात आले. जाळीच्या कुंपणासमोर, बॅटच्या लांबीपेक्षा थोडेच जास्त अंतर ठेवून, तिला फटक्याची कृती करायला लावली. हात अंगापासून दूर फेकले गेले की बॅट जाळीवर खणकायची. सुरुवातीला तो खणखणाट एवढा असे, की शेजारच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळणारी मुले वळून पाहत. हळूहळू हात छातीजवळून पुढे येऊ लागले, बॅटचे टोक शेवटी फिरू लागले आणि जाळी गप्प झाली. चेंडूला बॅट लागते त्या क्षणी वरच्या हाताचा तळवा आकाशाकडे आणि खालच्या हाताचा जमिनीकडे हवा, मनगटे तेव्हाच उलटली तर चेंडू जमिनीवर घसरत जातो, ही खूण तिच्या आजही तोंडी असते.

ठिबकच्या कामातून उरलेला पाइप आणि त्यावर बसवलेली जाड रबरी नळी यांतून आपण केलेली बॅटिंग टी, म्हणजे चेंडू वर ठेवून फटका मारायचा उभा दांडा, तर आता शाळेची मालमत्ता झाली आहे. तिच्यावर चेंडू एकाच जागी ठेवून फटके मारण्यात अर्थ नाही, हे मला आपल्याकडे पाहूनच कळले. आतल्या चेंडूसाठी टी पुढच्या पायाच्याही पुढे, बाहेरच्या चेंडूसाठी मागे, बॅट करणारी जिच्याशेजारी उभी राहते त्या होम प्लेटवर. दोन्ही वेळा वळणे तेच, फक्त गाठ कुठे पडायची ते वेगळे. फटके कमी आणि त्यांच्यामध्ये श्वास घ्यायला वेळ, असा आपला शिरस्ता होता. दमून वेडेवाकडे फटके पडू लागले की आपण टी उचलून न्यायचात, मग मुलगी कितीही विनवण्या करो.

नजरेचा भाग मला सर्वांत नवा होता. ‘चेंडूवर लक्ष ठेव’ असे सगळेच सांगतात. चेंडू कुठून निघतो ते कोणी सांगत नाही. सॉफ्टबॉलमध्ये पिचरचा हात खालून पूर्ण वर्तुळ फिरून येतो आणि चेंडू तिच्या मांडीजवळ सुटतो. नजर तिच्या चेहऱ्यावर वा खांद्यावर खिळली असेल, तर चेंडू दिसेपर्यंत तो बराच पुढे आलेला असतो. महिलांच्या खेळात पिचरची पट्टी होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते आणि पिचर तिथून पुढे झेपावत चेंडू सोडते. ताशी ९० किलोमीटरच्या चेंडूला उरलेले अंतर कापायला अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणून आपण चेंडूंवर लाल, निळे ठिपके काढले आणि मुलीला बॅट न फिरवता नुसते उभे राहून रंग ओरडायला लावले. बॅट हातात असून फिरवायची नाही, ही तिच्यासाठी मोठीच शिक्षा होती. पण स्ट्राइक झोनबाहेरचे, म्हणजे त्या काख ते गुडघा पट्ट्याबाहेरचे, चेंडू सोडायला ती तिथेच शिकली.

एका पावसाळी संध्याकाळी मैदान ओले होते, तेव्हा आपण मुलींना २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यातले, ज्यात जपानने अमेरिकेला २-० असे हरवले, काही फटके मोबाइलवर थांबवत-थांबवत दाखवलेत. कोणी वाकून उभी, कोणी ताठ. कोणाची बॅट खांद्याला टेकलेली, कोणाची डोक्यावर डोलणारी. पण चेंडूला बॅट लागतानाचे चित्र काढून शेजारी-शेजारी ठेवले, तर जवळजवळ सगळ्या सारख्याच. त्या दिवसापासून माझ्या मुलीने मैत्रिणींच्या उभे राहण्याची नक्कल करणे सोडले. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला सॉफ्टबॉल पुन्हा ऑलिंपिकमध्ये येणार आहे, हेही त्याच दिवशी तिला कळले, आणि घरी येऊन तिने ते आजीला असे सांगितले की जणू निवड झालीच!

मधल्या काळात एका हितचिंतकांनी सुचवले होते, की मुलगी चपळ आहे, तिला डावखुरी करून धावता-धावता चेंडू टोलवायला शिकवा, म्हणजे ६० फुटांवरचा पहिला बेस, फटक्यानंतर धावत गाठायचा पहिला थांबा, ती सहज गाठेल. सल्ला चुकीचा नव्हता. तसे खेळणाऱ्या उत्तम खेळाडू आहेत. आपण मात्र ठाम राहिलात, की आधी पूर्ण फटका अंगी बाणू दे, धावत टोलवणे पुढे केव्हाही शिकता येईल. क्रीडा गुणांच्या आणि निवड चाचण्यांच्या घाईत हा आग्रह धरणे सोपे नव्हते, हे मी जाणते. झटपट निकाल दाखवला असता तर आम्ही पालकांनीच आपल्याला डोक्यावर घेतले असते.

आणि सामन्यातले आपले मौन. सरावात एका वेळी एकच दुरुस्ती, सामन्यात एकही नाही. जिल्हा स्पर्धेत तिने शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या असलेल्या खेळाडूच्या, डोक्यावरून मारलेला सरळ, खणखणीत फटका सगळ्यांच्या लक्षात आहे; माझ्या लक्षात त्याच्या आधीचा आहे. तोही तितकाच नीट बसला होता, पण थेट तिसऱ्या बेसवरच्या मुलीच्या हातात गेला. ती मान खाली घालून परतत होती, आम्ही पालक हळहळत होतो आणि आपण एकट्या टाळ्या वाजवत होता. पुढच्या वेळी ती प्लेटवर गेली तेव्हा तिने काहीही बदलले नाही. बदलले असते, तर तो दुसरा फटका आलाच नसता.

दिवसभर कार्यालयात काम करून, संध्याकाळी घरी न जाता मैदानावर येऊन आपण हे सारे केलेत. खेळाडू म्हणून राज्यासाठी खेळलेल्या आणि खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीला लागलेल्या व्यक्तीने पुढच्या मुलींसाठी इतका वेळ द्यावा, याचे मोल आम्ही दिलेल्या शाल-श्रीफळाने होणारे नाही, पण ते स्वीकारल्याबद्दलही आभार.

मुलगी आता सतरा वर्षांखालील गटात जाईल आणि तिथे तिला संथ, फसवा चेंडू टाकणाऱ्या पिचर भेटतील. त्या चेंडूवर तिची कंबर अजून फार लवकर वळून जाते. कालच्या सरावाची मंद गतीतली चित्रफीत या पत्रासोबत आपल्या मोबाइलवर पाठवली आहे. सवडीने पाहावी आणि काय करावे ते कळवावे. दुरुस्ती अर्थातच एकच सांगावी. नव्या गावी मैदान मिळाले का, हेही जरूर कळवा. तिथल्या मुलींसाठी टी करायची असेल तर पाइप आणि नळी इथून पाठवते.

आपली ऋणी,
एक पालक
जळगाव